पर्यावरण धोरणातील फेलोशिप : वर्षभर नेमके कुठे बसावे?

माळरान (कळंब, जि. धाराशिव)

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीने छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातून पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केले असून गेले सव्वा वर्ष ती एका पाणलोट प्रकल्पात कंत्राटी पद्धतीने काम करते आहे. वय चोवीस. गावोगाव जाऊन विहिरींची पाणीपातळी मोजायची, ग्रामसभेला हजर राहायचे आणि महिनाअखेरीस तक्ते भरून वर पाठवायचे, असे तिच्या कामाचे स्वरूप आहे. हे तक्ते वर गेल्यावर त्यांचे पुढे काय होते, हे तिला आजवर कोणीही सांगू शकलेले नाही. म्हणून जिथे या आकड्यांवरून काही ठरते, किंवा ठरत नाही, त्या जागी वर्षभर बसून पाहावे, असे तिच्या मनाने घेतले आहे.

तिने तीन फेलोशिप निवडून ठेवल्या आहेत. पहिली राज्य शासनाची मुख्यमंत्री फेलोशिप. ती २०१५मध्ये सुरू झाली, मध्यंतरी बंद पडली आणि २०२३मध्ये पुन्हा सुरू झाली. वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के गुण आणि एक वर्षाचा अनुभव अशा अटी असून २०२५-२६च्या तुकडीसाठी ६० जागा, दरमहा ५६,१०० रुपये मानधन आणि ५,४०० रुपये प्रवासखर्च जाहीर झाला होता. दुसरी दिल्लीतील पीआरएस या, संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप, जिच्यात पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशन संपेपर्यंत एका खासदाराबरोबर काम करावे लागते. तिथे वयाची अट पंचवीसची असल्यामुळे तिच्याकडे फार वेळ उरलेला नाही. तिसरी स्टेट बँकेची यूथ फॉर इंडिया, तेरा महिन्यांची, ग्रामविकासाचे काम करणाऱ्या बाएफसारख्या संस्थेबरोबर गावात राहून करावयाची.

आमची साडेचार एकर कोरडवाहू जमीन आहे. वडिलांचा आग्रह राज्यसेवेच्या परीक्षेचा आहे आणि त्यांचा प्रश्न सरळ आहे : वर्ष संपल्यावर हातात काय राहील, ते आधी सांगा. मला याचे उत्तर देता आले नाही. ज्यांनी असे वर्ष काढले आहे, किंवा ज्यांनी अशी मुले कार्यालयात आलेली पाहिली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. केवळ "करा, चांगला अनुभव मिळेल" असे लिहू नये, ही विनंती.


एकेकाळचा फेलो (लातूर)

फेलोशिपचे आणि कार्यालयाचे नाव घेत नाही, कारण त्यातील माणसे अजून सेवेत आहेत. मी काही वर्षांपूर्वी एका जिल्हास्तरीय कार्यालयात वर्षभर बसलो होतो. मला पाणीटंचाईचा विषय मिळाला. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यात टंचाई कृती आराखडा तयार होतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत कोणत्या गावाला टँकर लागेल, कोणती विहीर अधिग्रहित करावी लागेल, हे त्यात मांडलेले असते. मी मागच्या काही वर्षांचे आराखडे शेजारी शेजारी ठेवून वाचले. गावांची नावे जवळजवळ तीच होती. टँकरवर दरवर्षी होणारा खर्च एकदाच पाण्याचा कायमस्वरूपी स्रोत तयार करण्यावर केला तर कुठे काय होईल, यावर मी साठ पानांचा अहवाल तयार केला. चार महिने खपलो. तो सादर करण्याच्या सुमारास साहेबांची बदली झाली, नवे साहेब आले, आणि अहवाल कपाटात गेला. माझ्या माहितीप्रमाणे तो अजून तिथेच आहे.

तरीही ते वर्ष वाया गेले असे मी म्हणणार नाही. त्या कार्यालयात एक वयस्कर अव्वल कारकून होते. त्यांनी माझा अहवाल चाळला आणि एवढेच विचारले, "यात लेखाशीर्ष कोणते?" म्हणजे हा खर्च शासनाच्या अंदाजपत्रकातील कोणत्या शीर्षाखाली पडणार? मला उत्तर देता आले नाही. मग त्यांनी मला टिपणी लिहायला शिकवले : आधी विषय, मग कोणत्या शासन निर्णयाचा आधार आहे तो, मग यापूर्वी असे कुठे झाले आहे का, मग निधी कुठून येणार, आणि शेवटी नेमकी कोणती मान्यता हवी आहे ते एका वाक्यात. साठ पानांची दीड पाने झाली. त्या दीड पानांपैकी एका मुद्द्यावर पुढे तीन गावांत काम झाले, माझे नाव अर्थातच कुठे नव्हते आणि ते असण्याचे कारणही नव्हते.

तेव्हा तुमच्या वडिलांना सांगावयाचे झाले तर, हातात टिपणी लिहिण्याची विद्या राहते आणि आपल्या भागातील स्वयंसेवी संस्थांत ती फार थोड्यांकडे आहे. अट एकच : बहिणीला अशा टेबलाजवळ जागा मिळाली पाहिजे जिथून खरोखर नस्ती (फाइल) पुढे जाते. काही ठिकाणी फेलोला सादरीकरणाच्या चौकटी रंगवायला आणि साहेबांच्या दौऱ्याचे फोटो लावायला बसवितात. मुलाखतीच्या वेळी, किंवा आधीच्या तुकडीतील कुणाला गाठून, मागच्या फेलोने प्रत्यक्ष कोणता कागद लिहिला, हे विचारावे. उत्तर गुळमुळीत आले तर समजून घ्यावे.


निवृत्त कालवा निरीक्षक (पैठण)

मी नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, डाव्या कालव्यावर नोकरी केली. कालवा २०८ किलोमीटर लांबीचा, आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याचे शिव्याशाप ऐकण्याचे काम आमचे. त्यामुळे पाण्याचे धोरण म्हणजे काय हे मी उलट्या टोकाकडून पाहिले आहे, असे समजा.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ सालचा. खोऱ्यातील तूट सर्वांनी सारखी वाटून घ्यावी, वरच्या धरणांनी पाणी अडवून खालचे धरण कोरडे ठेवू नये, ही समन्यायी वाटपाची तरतूद त्यात पहिल्यापासून आहे. कायदा झाला म्हणून पाणी आले का? नाही. २०१२चा दुष्काळ पडला, जायकवाडीत मृतसाठ्यातून पाणी उपसण्याची पाळी आली, तेव्हा ती तरतूद लोकांना आठवली. २०१३मध्ये धरणांतील पाणीवाटपाचा अभ्यास करणाऱ्या मेंढेगिरी समितीचा अहवाल आला. सप्टेंबर २०१४मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नगर-नाशिककडच्या धरणांतून पाणी सोडावे, असे ठरले. त्यावर दोन्हीकडून याचिका झाल्या आणि सप्टेंबर २०१६मध्ये उच्च न्यायालयाने ते तत्त्व उचलून धरले. मोजा : कायद्यापासून निकालापर्यंत अकरा वर्षे. तुमची फेलोशिप बारा महिन्यांची.

आणि हे काम कोणी केले? वाल्मी या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेतून निवृत्त झालेले प्रदीप पुरंदरे यांनी कायद्याचे कलम न् कलम वाचून वर्तमानपत्रांत लिहिले आणि मग जनहित याचिका केली. राज्याचा एकात्मिक जल आराखडा तयार नसतानाच १९१ प्रकल्पांना मान्यता दिली गेली होती, ही गोष्ट त्या याचिकेमुळे चव्हाट्यावर आली. जलयुक्त शिवार योजनेत नाले वाटेल तसे खोल केले जात आहेत, याविरुद्ध अर्थतज्ज्ञ ह. मो. देसरडा न्यायालयात गेले आणि जॉनी जोसेफ समिती नेमली गेली. पुढे २०२०मध्ये कॅगनेही सांगितले की, योजनेवर सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च होऊनही भूजलाच्या पातळीत अपेक्षित वाढ झाली नाही. मराठवाडा जनता विकास परिषद तर गोविंदभाई श्रॉफांच्या काळापासून अनुशेषाचे, म्हणजे विकासात राहून गेलेल्या तुटीचे, आकडे मांडते आहे. यांपैकी कोणीही फेलो नव्हते. माझा फेलोशिपला विरोध नाही, परंतु वर्षभर वातानुकूलित खोलीत बसल्याने पाण्याचे राजकारण कळते, असा समज करून घेऊ नये.


खंडपीठाच्या पायऱ्यांवरून (छत्रपती संभाजीनगर)

काकांनी दिलेला इतिहास बरोबर आहे, परंतु त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला अपुरा वाटतो. ज्यांची नावे आपण आदराने घेतो, त्यांच्यापाशी प्राध्यापकाचा पगार होता किंवा निवृत्तिवेतन होते, मागे काही दशकांचा अभ्यास होता आणि पहाटे उठून याचिकेचा मसुदा लिहायला वेळ होता. साडेचार एकर कोरडवाहू घरातल्या चोवीस वर्षांच्या मुलीपाशी यांपैकी काय आहे? तिला वर्षभर कोणी पगार देऊन कायदा वाचू देत असेल, तर त्या पैशाचे मोल फार मोठे आहे. आमच्या क्षेत्रात मराठवाड्यातील तरुण कमी दिसतात याचे एक साधे कारण असे की, पहिली तीन-चार वर्षे फुकट काम करण्याची ऐपत फार थोड्या घरांत असते.

आता अकरा वर्षे विरुद्ध बारा महिने हा हिशेब. लढा अकरा वर्षांचा असला तरी त्यातील कितीतरी कामे तीस-तीस दिवसांची असतात, आणि ती वेळेत केली नाहीत तर पुढची सगळी वर्षे फुकट जातात. एखाद्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली की, राष्ट्रीय हरित लवादाकडे (पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अपील करण्यासाठी तीस दिवस असतात, सबळ कारण दाखविल्यास आणखी जास्तीत जास्त साठ. त्यानंतर लवाद ऐकून घेत नाही. माझ्याकडे गावकरी येतात तेव्हा बहुतेक वेळा मुदत उलटून गेलेली असते, कारण मंजुरी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर इंग्रजीत लागलेली असते आणि ते रोज उघडून पाहणारा माणूस तालुक्यात एकही नसतो. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, पण नेमका कोणता कागद मागावा हे कळायला शासनाची रचना माहीत असावी लागते. "प्रकल्पाची सर्व माहिती द्यावी" असा अर्ज केला की "कार्यालयात येऊन पाहावी" असे उत्तर येते, आणि मग दोन महिने गेले.

जायकवाडीवरच्या तरंगत्या सौर प्रकल्पाचेच पाहा. मासेमारीवर पोट असलेल्या समाजाने हरित लवादात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि दोन्हीकडे ती फेटाळली गेली. प्रकल्प योग्य की अयोग्य हा मुद्दा मी इथे काढत नाही. किती कुटुंबे मासेमारी करतात, कोणत्या महिन्यांत, पाण्याच्या कोणत्या भागात, पक्षी कुठे उतरतात, याच्या नोंदी वाद सुरू होण्याच्या आधीच्या वर्षांत कोणी शांतपणे करून ठेवल्या, तर असा पक्ष मांडणाऱ्या वकिलाचे हात बळकट होतात, एवढेच म्हणावयाचे आहे. ते काम वर्षभरात होऊ शकते आणि ते तुमच्या बहिणीसारखी मुलगीच करू शकते.


जुनी वेस (नांदेड)

थोडक्यात एक सावधगिरी. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या "पर्यावरण फेलोशिप" याद्यांत अर्धी नावे अमेरिकेतील असतात. तिथे शास्त्रज्ञांना काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, कार्यालयांत वर्षभर बसविण्याची पद्धत १९७३पासून आहे, सागरी धोरणासाठीची नॉस फेलोशिप १९७९ची आहे, परंतु ती तिथल्याच विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांसाठी आहे. माझ्या पुतण्याने अशा चार अर्जांवर दोन महिने घालविले आणि पात्रतेची अट शेवटच्या पानावर वाचली. अट आधी वाचावी.

दुसरे, बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या पीएच.डी.ला नोंदणी झालेल्यांसाठी असतात. लोक त्यांचीही सरमिसळ करतात. संशोधनाची आवड असेल तर तो मार्ग वेगळा आणि लांबचा आहे, आणि वेळेवर रक्कम मिळावी म्हणून संशोधक विद्यार्थ्यांना वारंवार आंदोलने करावी लागली आहेत, हेही ध्यानात असू द्यावे.


तुरीची शेंग (परभणी)

मी गावात राहून करावयाची एक फेलोशिप केली आहे. मला मराठवाड्यात जागा मिळाली नाही, दुसऱ्या राज्यातील डोंगराळ भागात जावे लागले, जिथे पहिले तीन महिने मला लोकांचे बोलणे निम्मेच कळत होते. घरच्यांना सांगितले नाही, पण पहिल्या दोन महिन्यांचे मानधन तिसऱ्या महिन्यात मिळाले आणि तोवर मैत्रिणीच्या उसनवारीवर काढले. ताई, तुमच्या बहिणीला निघताना तीन महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवायला सांगा. खोलीत संडास आहे का, रात्री परत यायला वाहन आहे का, हे प्रश्न विचारायला संकोच करू नये. अर्जाच्या माहितीपत्रकात ते कधीच लिहिलेले नसते.

वर काही जणांनी कार्यालयातील वर्ष म्हणजेच धोरणाचे वर्ष असे गृहीत धरलेले दिसते. मला ते पटत नाही. मी ज्या गावात होते तिथे चराई बंद करून रोपे लावण्याची योजना आली होती आणि कागदावर ती उत्तम होती. प्रत्यक्षात ज्या पंधरा-वीस घरांच्या शेळ्या त्या माळावर चरत, त्या घरांतील एकही बाई बैठकीला नव्हती, कारण बैठक सकाळी अकराला ठेवलेली असायची. मी फक्त बैठकीची वेळ संध्याकाळी सातची करून घेतली. वर्षभरातले माझे सर्वांत उपयोगी काम तेच, आणि ते कुठल्या अहवालात नाही. आपल्याकडे विहिरी मोजताना हेच घडते. आडगावातली विहीर कोणाच्या मालकीची आणि तिच्यावर पाणी कोण भरते, या दोन गोष्टी तक्त्याच्या एकाच रकान्यात मावत नाहीत.

तरीही, एक कबुली. तुमच्या बहिणीने सव्वा वर्ष गावातच काढले आहे. तिने पुन्हा तेरा महिने गावातच काढावेत, असे मी म्हणणार नाही. जे मला शिकायला जावे लागले ते तिला येते.


माळरान (कळंब, जि. धाराशिव)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सगळा धागा वडिलांना वाचून दाखविला. लेखाशीर्षाच्या गोष्टीवर ते हसले, कारण गेल्या पावसाळ्यात त्यांना नुकसानभरपाईच्या अर्जासाठी तीन कार्यालयांत जावे लागले होते आणि तिसऱ्या ठिकाणी त्यांनाही काहीसे तसेच ऐकायला मिळाले होते. त्यांनी परीक्षेचा विषय सोडलेला नाही, परंतु "वकिलीणबाईंनी लिहिले ते बरोबर आहे" असे म्हणाले. (वकील बाई आहेत की गृहस्थ, हे मला माहीत नाही. त्यांनी परस्पर ठरविले.)

बहिणीची एक अडचण आहे. तिचे सगळे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. एम.एस्सी.ची पुस्तके इंग्रजीत होती, ती तिला नीट समजतात, पण लिहिताना हात थबकतो. लॅम्पसाठी इंग्रजी निबंध लिहावा लागतो. मुख्यमंत्री फेलोशिपला मराठी येणे आवश्यक आहे, हे वाचून तिला धीर आला. परंतु धोरणाच्या क्षेत्रात मराठीला खरोखर काही किंमत आहे, की ती केवळ पात्रतेच्या यादीतील एक ओळ आहे?


दुभाषी (जालना)

याच प्रश्नाची वाट पाहत होतो. मी उपजीविकेसाठी भाषांतर करतो, त्यात शासकीय आणि औद्योगिक कागद बरेच असतात.

२००६च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी घ्यावी लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळाने निदान तीस दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात सूचना द्यावी, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा, सुनावणीच्या अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा कमी दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी असावा, असे त्यात म्हटले आहे. आता प्रत्यक्ष काय होते ते सांगतो. एका कारखान्याच्या विस्ताराचा मराठी सारांश माझ्या हाती आला होता, नाव सांगत नाही. त्यात लिहिले होते : "सदर वनस्पतीची क्षमता दुप्पट करण्यात येईल." म्हणजे इंग्रजीतील 'प्लांट' या शब्दाचे कुणीतरी यंत्राकडून भाषांतर करून घेतले होते. गावातल्या एका आजोबांनी सुनावणीत विचारले की, झाड दुप्पट मोठे होणार असेल तर आमची हरकत कशाला? सगळे हसले, अधिकारीही हसले, आणि इतिवृत्तात नोंद झाली की ग्रामस्थांनी हरकत घेतली नाही. पुढे ती नोंद दुरुस्त करून घ्यायला दोन निवेदने द्यावी लागली, आणि दुसऱ्या निवेदनाची पोच घेतली होती म्हणून जमले.

ही एका गावाची गोष्ट. संपूर्ण देशाच्या पातळीवर २०२०मध्ये हेच घडले. त्या अधिसूचनेच्या जागी नवा मसुदा आला, हरकती मागविल्या गेल्या, आणि मसुदा उपलब्ध होता तो इंग्रजी आणि हिंदीत. सुनावणीच्या सूचनेचे तीस दिवस कमी करून वीस करावेत, असे त्यात सुचविलेले होते, म्हणजे ज्याच्या गावावर परिणाम होणार त्यालाच वाचता येणार नाही अशा भाषेत त्याची मुदत कमी करण्याचा प्रस्ताव होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी मसुदा आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांत उपलब्ध करावा असे सांगितले आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली. केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या काही आठवड्यांत महाराष्ट्रातील अनेक तरुणांनी आपापल्या परीने मसुद्याचे मराठी गोषवारे तयार करून वाटले, आणि मला वाटते की धोरणाचे खरे शिक्षण त्यांतल्या काहींना तेव्हाच मिळाले.

तेव्हा किंमत आहे का? पगाराच्या भाषेत फारशी नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. दिल्लीतील अभ्याससंस्था इंग्रजीतच विचार करतात आणि हरित लवादाचे कामकाजही इंग्रजीत चालते. परंतु मंत्रालयातील टिपणी मराठीत असते, शासन निर्णय मराठीत असतो, विधिमंडळातील लक्षवेधी सूचना मराठीत असते, ग्रामसभेचा ठराव मराठीत असतो. राज्याच्या पातळीवर काम करावयाचे असेल तर इंग्रजी वाचता येणारी आणि मराठी नेमके लिहिता येणारी व्यक्ती हवी असते, आणि अशी माणसे मला तरी फार भेटत नाहीत. 'अ‍ॅडव्होकसी'ला आपण जनवकिली म्हणतो तेव्हाच त्यात कोणाची बाजू मांडायची हे ठरलेले असते, इंग्रजी शब्दात ते स्पष्ट होत नाही. अर्थात हा माझा धंद्याचा पक्षपात समजावा.


एकेकाळचा फेलो (लातूर)

दुभाषींच्या लिखाणाला जोडून अर्जाबद्दल थोडे. मागची दोन वर्षे ओळखीतील मुलांचे अर्ज मी वाचून देतो. आपल्या भागातील जवळजवळ प्रत्येक उद्देशपत्राची सुरुवात "मी दुष्काळग्रस्त मराठवाड्यातील एका शेतकरी कुटुंबातून आले आहे" अशी असते, आणि दुसऱ्या परिच्छेदात २०१६ साली मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे असते. ती रेल्वे मी स्वतः पाहिली आहे, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले होते आणि स्थानकावर गर्दी जमली होती, परंतु अर्ज वाचणाऱ्याने ती शंभर वेळा वाचलेली असते. आपली हलाखी सांगितली की निवड होते असे मुलांना कुणीतरी शिकविलेले आहे, आणि त्यामुळे जे सांगण्यासारखे असते ते राहून जाते.

तुमच्या बहिणीने सव्वा वर्ष विहिरी मोजल्या आहेत. तिने लिहावे की अमुक गावात पावसाळ्यापूर्वीची आणि पावसाळ्यानंतरची पातळी काय होती, त्याच शिवारात त्या वर्षात किती नवे बोअर झाले, आणि २००९चा भूजल कायदा असूनही ते थांबविण्याचा अधिकार गावात नेमका कुणाला आहे, हे तिने ग्रामसेवकाला, तलाठ्याला आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या कार्यालयाला विचारले तेव्हा तिघांनी कोणती उत्तरे दिली. विचारले नसेल तर अर्जाच्या आधी विचारावे. त्या तीन उत्तरांवर तिचे उद्देशपत्र उभे राहील. भावना लिहू नये असे नाही, परंतु आकड्याच्या मागून आली तर ती वाचणाऱ्याला पटते.

शिफारसपत्र मोठ्या पदाच्या माणसाकडून घेण्यापेक्षा ज्याने तिचे काम पाहिले आहे त्याच्याकडून घ्यावे. मुख्यमंत्री फेलोशिपसाठी आधी वस्तुनिष्ठ परीक्षा, मग निबंध आणि मुलाखत असा क्रम असतो, तेव्हा वडिलांनी घ्यायला लावलेली स्पर्धापरीक्षेची पुस्तके तिथे उपयोगी पडतील. हे त्यांना आवर्जून सांगा.


खंडपीठाच्या पायऱ्यांवरून (छत्रपती संभाजीनगर)

वडिलांचा अंदाज बरोबर आहे, मी बाईच आहे. वर्षानंतरचे विचारले होते म्हणून लिहिते. शासकीय फेलोशिप पूर्ण केल्याने शासकीय नोकरीवर कोणताही हक्क मिळत नाही, याची कल्पना घरी स्पष्ट द्यावी, नाहीतर पुढे वाद होतात. माझ्या पाहण्यातील माजी फेलोंपैकी कुणी अभ्याससंस्थांत गेले, कुणी कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी सांभाळणाऱ्या विभागांत, काही पुन्हा स्पर्धापरीक्षेकडे वळले. एक मुलगी माझ्याकडे विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिच्याइतकी नेमकी माहिती अधिकाराची अर्जपत्रे माझ्या कार्यालयात कोणी लिहीत नाही. कुणी पर्यावरण सोडूनही गेले, कारण घर चालवायचे होते. त्यांना दोष देण्याचे कारण नाही.


माळरान (कळंब, जि. धाराशिव)

घरी ठरले ते कळविते. बहीण मुख्यमंत्री फेलोशिपची तयारी करणार आहे आणि लॅम्पचा अर्जही भरणार आहे, कारण वयामुळे ती संधी पुन्हा येणार नाही. इंग्रजी निबंधाचा पहिला मसुदा दुभाषींना पाठवू का, असे तिने विचारले आहे. वडिलांनी एक वर्ष दिले आहे. एकच.

उद्देशपत्रासाठी तिने दोन विषय मांडले होते : गावातील बोअर आणि जायकवाडीचा ६५ टक्क्यांचा नियम. दुसरा विषय तिला कालवा निरीक्षक काकांच्या लिखाणावरून सुचला. तो साठा प्रत्यक्ष मोजतात कसा, त्यात खरिपासाठी वापरलेले पाणी धरतात का, आणि तो आकडा जाहीर होण्याआधी कोणाकोणाच्या हातून जातो, हे तिला पाहायचे आहे. काका, आपण तो सगळा प्रवास पाहिला असेल.


निवृत्त कालवा निरीक्षक (पैठण)

खरिपाचा वापर धरतात, म्हणूनच तर दरवर्षी भांडण होते. वापर किती झाला हे कालव्याच्या मुखाशी मोजायचे की शेतात पोहोचलेले, बाष्पीभवन कुठे दाखवायचे, यावर दलघमीचे (दशलक्ष घनमीटरचे) आकडे बदलतात आणि तेवढ्याने एखाद्या वर्षी ६४चे ६६ होऊ शकतात. हे वातानुकूलित खोलीत ठरते, हे मी मघाशी लिहिले नव्हते. तेव्हा मुलीने त्या खोलीत बसायला माझी हरकत नाही, मागे लिहिलेले तेवढे मागे घेतो.

पाणीपातळी रोज सकाळी सहाला घेतात. कळंबहून पैठणला एका दमात येणे होत नाही, वाटेत गाडी बदलावी लागेल, म्हणून आदल्या संध्याकाळी या आणि आमच्याकडेच उतरा, घरी सांगून ठेवले आहे. माझ्यापाशी कालव्याच्या जुन्या आवर्तनांच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळ्यांच्या, काही वह्या आहेत, अक्षर वाईट आहे पण तारखा बरोबर आहेत, त्या तिने हव्या तर उतरवून घ्याव्यात. वडिलांनाही आणा. धरणावर त्यांना कंटाळा आला तर नाथांच्या दर्शनाला जाता येईल.